उंदराचे नाक आणि वेगळा कप



वर्षावास सुरू आहे. आमच्या भोर-वेल्ह्याकडे भाताची लावणी उरकली की माणसे थोडी मोकळी होतात. मग रविवारी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचनाला बऱ्यापैकी बैठक भरते. गेल्या रविवारी भोर तालुक्यातल्या एका वस्तीवर असाच गेलो होतो. वंदना झाली, वाचन झाले. बाहेर पाऊस असा कोसळत होता की कुणाला उठून घरी जाता येईना. चहा ठेवला होता. तेवढ्यात कॉलेजात जाणारा एक मुलगा मोबाईल घेऊन माझ्याजवळ सरकला. म्हणाला, “काका, हे बघा. हा उंदीर टी.बी. ओळखतो.”

मोबाईलवर लहान मांजराएवढा एक उंदीर काचेच्या पेटीत इकडून तिकडे पळत होता. पेटीच्या तळाला ओळीने भोके होती. उंदीर एकेका भोकाला नाक लावायचा आणि पुढे जायचा. एका भोकाशी थांबला, नाक काढीना. लगेच त्याला काहीतरी खाऊ मिळाला. सगळी पोरे-बाया मोबाईलभोवती गोळा झाल्या. त्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, “आरं बाबा, उंदरानं रोग आणायचा का वळखायचा? माझी आजी सांगायची, घरात उंदीर पडला का गाव सोडायचं आन् माळावर झोपड्या घालून ऱ्हायचं.”

सगळे हसले. पण आजींचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. त्यांना तिथे उत्तर द्यायला गेलो, पण चहा आला आणि बोलणे तिथेच राहिले. ते उत्तर आज या सदरातून देतो आहे.

आजी सांगत होत्या ती प्लेगची आठवण. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही महिन्यांत पुणे त्याने पोखरून काढले. त्या काळी लोकांना जंतू ठाऊक नव्हते, पिसवा ठाऊक नव्हत्या. पण घरात उंदीर मरून पडू लागले की पाठोपाठ माणसे पडणार, एवढे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आपल्या सावित्रीमाई याच साथीत गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन त्या डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात आल्या, त्यात त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा उंदीर हा शब्द ऐकून आजींच्या अंगावर काटा आला तर नवल नाही. उंदराच्या अंगावरच्या पिसवा प्लेग पसरवतात, हे १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने आपल्याच देशात काम करताना शोधून काढले.

पण मोबाईलवरचा उंदीर आपल्या घुशीच्या किंवा घरातल्या उंदराच्या जातीचा नव्हे. तो आफ्रिकेतला. त्याच्या गालात दाणे साठवायला थैल्या असतात. वजन सव्वा किलोच्या आसपास. डोळ्यांनी त्याला फार दिसत नाही, सारा कारभार नाकावर. टांझानिया देशात मोरोगोरो नावाचे शहर आहे, तिथल्या कृषी विद्यापीठाच्या आवारात ‘अपोपो’ ही संस्था या उंदरांना शिकवते. संस्था काढली बेल्जियमच्या बार्ट वीटयेन्स या गृहस्थांनी, १९९७ साली. लहानपणी त्यांना उंदीर पाळायचा छंद होता. आपल्या वाचकांना सांगायची गोष्ट म्हणजे हे वीटयेन्स झेन परंपरेची दीक्षा घेतलेले बौद्ध भिक्खू आहेत.

सुरुवातीला हे उंदीर जमिनीत पुरलेले सुरुंग हुंगून काढायला शिकवले गेले. लढाई संपते, सैन्य निघून जाते, पण सुरुंग शेतात तसेच राहतात. मग गरिबाचे पोर गुरामागे गेले की पाय गमावून येते. उंदीर वजनाने हलका, त्याच्या पायाखाली सुरुंग फुटत नाही. मगावा नावाच्या एका उंदराने कंबोडिया या बौद्ध देशात शंभराहून जास्त सुरुंग आणि स्फोटके दाखवून दिली. २०२० साली ब्रिटनच्या एका प्राणीसेवी संस्थेने त्याला सुवर्णपदक दिले. जानेवारी २०२२ मध्ये तो आठ वर्षांचा होऊन वारला.

जे नाक मातीखालची दारू हुंगते, ते थुंकीतला क्षय हुंगेल का, असा विचार संस्थेत पुढे आला. क्षयाचे जंतू वाढताना काही वायू सोडतात. ते इतके थोडे असतात की तुमच्या-माझ्या नाकाला पत्ता लागत नाही. उंदराला लागतो. २००७ पासून टांझानियातल्या दवाखान्यांतून थुंकीचे नमुने या उंदरांकडे येऊ लागले. पुढे मोझांबिक आणि इथिओपिया या देशांतही काम सुरू झाले. नमुना आधी तापवून त्यातले जंतू मारतात, म्हणजे उंदराला आणि माणसाला धोका नाही. वास मात्र शिल्लक राहतो. मग दहा-दहा नमुने भोकांखाली ठेवतात. क्षयाच्या नमुन्यावर उंदीर साधारण तीन सेकंद नाक रोखून धरतो. बरोबर निघाले तर टिक असा आवाज आणि केळे-शेंगदाण्याचा लगदा. हे शिकवायला नऊ महिने लागतात. एकदा शिकला की शंभर नमुने तो वीस मिनिटांत हुंगतो. तेवढेच नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघायला प्रयोगशाळेतल्या माणसाला चार दिवसांपर्यंत वेळ लागतो.

आता कुणी म्हणेल, सूक्ष्मदर्शक असताना उंदराची गरज काय? गरज अशी की सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायचे तर एका मिलिलिटर थुंकीत ते साधारण दहा हजार तरी असावे लागतात. त्याहून कमी असले तर रिपोर्ट येतो ‘जंतू नाहीत’, आणि माणूस समाधानाने घरी जातो. घरी जाऊन खोकत राहतो. असे सुटून गेलेले रोगी उंदरांनी शोधून दिले आणि त्या दवाखान्यांत सापडणाऱ्या रोग्यांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. ४० टक्के हा नुसता आकडा नाही. शंभर माणसे सापडत होती तिथे एकशे चाळीस सापडली. ती वरची चाळीस माणसे आधीच्या पद्धतीत ‘तुम्हाला काही नाही’ म्हणून परत पाठवली गेली असती.

आपल्याकडे काही हे अगदीच अपरिचित नाही. ‘लघवीला मुंग्या लागतात’ असे म्हटले की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना लगेच कळते, साखर झाली. मुंगीनेच ते निदान केले. मधुमेहाने आपल्या समाजात किती घरे गाठली आहेत ते वेगळे सांगायला नको. खुद्द बाबासाहेबांना या रोगाने अखेरपर्यंत छळले. पण इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली तरच ती लघवीत उतरते आणि मुंगी येते. म्हणजे मुंगी आली तर दवाखान्यात जा, आणि नाही आली तरी ‘मला साखर नाही’ असे धरून बसू नका. मुंगीचा इशारा खरा, पण तो उशिरा येतो. रक्त तपासण्याला पर्याय नाही. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी तर २०२२ साली मुंग्यांना साखरपाण्याची लालूच दाखवून कर्करोगाच्या पेशींचा वास ओळखायला शिकवले. तो प्रयोग प्रयोगशाळेतल्या पेशींवरचा आहे, रोग्यावरचा नाही, हेही सांगून टाकतो.

कुत्र्याची गोष्ट याहून जुनी. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख धरल्या, तर कुत्र्याच्या नाकात त्या वीस ते तीस कोटी आहेत. १९८९ साली लंडनच्या दोन डॉक्टरांनी एका वैद्यकीय साप्ताहिकात पत्र लिहिले. त्यांच्याकडे आलेल्या एका बाईचा कुत्रा तिच्या पायावरच्या तिळाला सारखा हुंगायचा, कपड्यावरूनही हुंगायचा, एकदा तर चावायला गेला. बाई डॉक्टरकडे गेली. तो तीळ कर्करोगाचा निघाला. वेळेवर काढला गेला म्हणून बाई वाचली.

विहारात ही गोष्ट सांगितली असती तर आजी नक्की म्हणाल्या असत्या, “मंग आम्ही काय येगळं सांगत हुतो? कुत्रं रडलं का माणूस जातंच.” आमच्याकडे हा समज अजून पक्का आहे. एखाद्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेले असेल आणि रात्री दाराशी कुत्रे विव्हळले की बायका उठून बसतात. दुसऱ्या दिवशी कुणीतरी भगताकडे जाऊन येते. मग कुत्र्याच्या नाकावर डॉक्टरांनी विश्वास ठेवला तर ते विज्ञान, आणि आजींनी कुत्र्याच्या रडण्यावर ठेवला तर ती अंधश्रद्धा, हा कुठला न्याय?

प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ दिले पाहिजे.

मी कारकून माणूस. बी.कॉम. झालो तेव्हापासून एकच गोष्ट करत आलो आहे, दुसऱ्याने लिहिलेला आकडा ताळ्याला बसतो का ते बघायचे. वही कितीही सुवाच्य असली तरी जमा आणि खर्च दोन्ही बाजू तपासल्याशिवाय सही करायची नाही. कुत्रे रडले आणि माणूस गेला, हे आपण लक्षात ठेवतो, ती झाली जमेची बाजू. कुत्रे रडले आणि कुणीच गेले नाही, अशा किती रात्री गेल्या? कुत्रे गप्प होते आणि माणूस गेला, असे किती वेळा झाले? ती पाने आपण वहीत लिहीतच नाही. एका बाजूच्या वहीला हिशेब म्हणत नाहीत.

डॉक्टरांनी कुत्र्याची वही दोन्ही बाजूंनी लिहिली. २००४ साली इंग्लंडमध्ये सहा कुत्र्यांना मूत्राशयाच्या कर्करोगाचा वास शिकवून परीक्षा घेतली. दर वेळी लघवीचे सात नमुने मांडायचे, त्यात एकच कर्करोग्याचा. नुसत्या अंदाजाने बोट ठेवले तर सातात एकदा, म्हणजे शंभरात चौदा वेळा बरोबर येईल. कुत्र्यांना ५४ वेळा विचारले, त्यांनी २२ वेळा बरोबर दाखवले, म्हणजे शंभरात एक्केचाळीस. अंदाजापेक्षा कितीतरी जास्त, पण निम्म्याहून अधिक वेळा चूकसुद्धा. शास्त्रज्ञांनी दोन्ही आकडे छापले. लपवले काही नाही.

त्याच कामात आणखी एक गोष्ट घडली. शिकवणी चालू असताना एका निरोगी म्हणून घेतलेल्या माणसाचा नमुना सगळीच कुत्री ‘रोगी’ म्हणून दाखवू लागली. शिकवणारे वैतागले. शेवटी डॉक्टरांनी त्या माणसाला पुन्हा बोलावून नीट तपासले, तर त्याच्या मूत्रपिंडात कर्करोग निघाला. कुत्री बरोबर होती. पण ती बरोबर होती हे कळले ते दुसऱ्या तपासणीने. कुत्र्यांनी बोट दाखवले आणि डॉक्टरांनी खात्री केली, दोघांचे मिळून ते निदान झाले.

टांझानियातही तसेच. उंदराने नाक रोखले म्हणून कुणाला औषध सुरू करत नाहीत. तो नमुना प्रयोगशाळेत दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासतात, मगच रोग्याला कळवतात. शिवाय उंदरापुढच्या नमुन्यांत रोग पक्का माहीत असलेले काही नमुने मुद्दाम मिसळलेले असतात, म्हणजे उंदराचीही रोज परीक्षा होते. भगताची अशी परीक्षा कुणी कधी घेतली आहे का?

केसपुत्त गावच्या कालामांनी भगवान बुद्धांना हेच विचारले होते. येणारा प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, आम्ही कुणाचे धरावे? भगवंतांनी त्यांना सांगितले ते आपण वर्षावासात दरवर्षी ऐकतो. परंपरा आहे म्हणून धरू नका, मोठा माणूस सांगतो म्हणून धरू नका, तपासून बघा. हा नियम कुत्र्याच्या रडण्याला लागू आहे, तसाच उंदराच्या नाकालाही. त्या परीक्षेला उंदराचे नाक उतरते, रडणे उतरत नाही. आजी, एवढाच फरक आहे.

अशा परीक्षा आता आणखी ठिकाणी झाल्या आहेत. आफ्रिकेतल्या गांबिया देशात शाळकरी मुलांचे रात्रभर घातलेले मोजे गोळा करून इंग्लंडला पाठवले. १७५ मुले, त्यातल्या ३० जणांच्या रक्तात हिवतापाचे जंतू, पण अंगात ताप नाही. २०१९ साली निकाल छापला गेला. कुत्र्यांनी दहापैकी सात रोगी मोजे ओळखले, आणि निरोगी मोज्यांपैकी दहात नऊ बरोबर सोडून दिले. आपल्या देशात कोरोनाच्या वेळी लष्कराने घाम आणि लघवीच्या वासावरून लागण ओळखायला कुत्री तयार केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या छावणीत त्यांचे प्रात्यक्षिक झाले. त्यात कॅस्पर हा विलायती जातीचा होता, पण जया ही चिप्पीपराई जातीची, तमिळनाडूतली गावरान शिकारी कुत्री. परक्या जातीचाच कुत्रा हुशार असतो, हा समज तिने खोटा पाडला. जातीचे असे समज आपण माणसांच्या बाबतीत पुष्कळ भोगले आहेत.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

भोरच्या किंवा वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात असा उंदीर येणार नाही आणि त्याची वाट बघायचीही गरज नाही. कारण त्याच्याएवढीच तिखट नाकाची यंत्रे आपल्याकडे आलेली आहेत. थुंकीतल्या जंतूचा अंशसुद्धा ओळखणारी सीबीनॅट आणि ट्रूनॅट या नावाची ती यंत्रे. यातले ट्रूनॅट आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीने बनवले. ते बॅटरीवर चालते, म्हणजे वीज गेली तरी अडत नाही, आणि साधारण तासाभरात निकाल देते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. सरकारी दवाखान्यात टी.बी.ची ही तपासणी फुकट, औषध फुकट.

तरीही २०२३ साली जगात क्षयाने आजारी पडलेल्या सुमारे १ कोटी ८ लाख माणसांपैकी चौथा हिस्सा आपल्या एका देशातला होता. २०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करायची घोषणा झाली होती, ती पुरी झाली नाही. याची कारणे पुष्कळ आहेत. अपुरे अन्न आहे, कोंदट खोल्या आहेत, दवाखाना लांब आहे, एक दिवसाची मजुरी बुडते. सरकारला जाब विचारायचा तो विचारलाच पाहिजे. पण एक कारण आपल्या घरातलेही आहे, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. वेल्हे, ज्याला सरकारने आता राजगड तालुका असे नाव दिले आहे, तिकडच्या एका वस्तीवर मी जयंतीच्या वर्गणीसाठी गेलो होतो. ओळखीचे घर. घरातले भाऊ पुण्यात हमाली करायचे, ते आजारी म्हणून गावी आलेले. पडवीत बसून खोकत होते. वहिनींनी चहा आणला. सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात आणि भाऊंना दांडी तुटलेल्या एका कपात. चहा झाल्यावर सगळे पेले आत गेले. तो कप वहिनींनी पदराने धरून पडवीच्या कोपऱ्यात, दगडामागे ठेवला.

मी तो कप पाहिला. मला कळलेही. मी वर्गणीची पावती फाडली, जयभीम केला आणि गाडी चुकू नये म्हणून निघालो.

नंतर समजले ते असे. मुलीचे लग्न ठरत आले होते. टी.बी.चे नाव बाहेर फुटले तर सोयरीक मोडेल म्हणून घरात कुणी ते नाव काढायचे नाही असे ठरले. खोकल्याच्या बाटल्या चालू होत्या. देवऋषीचा अंगारा झाला. लग्न पार पडले आणि पाचव्या महिन्यात भाऊ गेले. वर्ष-दीड वर्षाने वहिनींना खोकला लागला. या वेळी मुलीने हट्ट करून त्यांना तालुक्याला नेले, थुंकी तपासली, सहा महिने गोळ्या दिल्या. वहिनी आज चांगल्या आहेत, भाताच्या लावणीला उभ्या राहतात. त्याच रोगाने एक गेले आणि एक वाचल्या. दोघांच्या मध्ये फरक होता तो फक्त एका डबीभर थुंकीचा.

तो कप मला अजून दिसतो. भोरवरून वरंधा घाट उतरला की महाड. तिथल्या चवदार तळ्याचे पाणी कुत्र्या-मांजरांना चालत होते, गुरांना चालत होते, आपल्या आजोबा-पणजोबांना चालत नव्हते. ते प्यायला १९२७ साली बाबासाहेबांबरोबर माणसे गेली, त्यांत याच सह्याद्रीच्या घाटाखालची-घाटावरची गरीब माणसे होती, आणि त्यांनी डोकी फोडून घेतली. पुढेही कितीतरी वर्षे हॉटेलाबाहेर आपल्यासाठी वेगळी कपबशी टांगलेली असायची. चहा प्यायचा आणि आपल्या हाताने धुऊन ठेवायची. ज्यांच्या वाडवडिलांनी ती कपबशी भोगली, त्यांच्याच घरात आजारी माणसासाठी वेगळा कप निघावा?

आणि गंमत अशी की त्या कपाचा उपयोगही नव्हता. टी.बी. कपाने पसरत नाही, ताटाने पसरत नाही, पांघरुणाने पसरत नाही. तो खोकल्यातून हवेत जातो आणि श्वासातून आत येतो. म्हणजे भाऊंचा कप वेगळा ठेवला, पण त्याच बंद पडवीत सगळे झोपत राहिले. शिवाशिव पाळली आणि रोग मोकळा सोडला. कप एक ठेवला असता, तोंडाला रुमाल दिला असता, खिडकी उघडली असती आणि डबी घेऊन दवाखाना गाठला असता, तर भाऊ आज नातवंडे खेळवत असते. वहिनींना मी दोष देत नाही. त्यांना कुणी सांगितले नव्हते. ज्याला सांगता आले असते तो चहा पिऊन निघून गेला होता.

भगवान बुद्धांच्या काळी एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्या घाणीत पडला होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, स्वतः पाणी ओतले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले आणि मग संघाला त्याबद्दल खडे बोल सुनावले. आजारी माणसाच्या घाणीला नाक मुरडणे हा आपल्याकडे शहाणपणा समजला जातो. त्या आफ्रिकेतल्या उंदराला नाक मुरडणे ठाऊक नाही. ज्या थुंकीकडे घरचे माणूसही बघत नाही, तिला तो नाक लावून उभा राहतो. शिकवले म्हणून राहतो, खाऊसाठी राहतो, हे खरे. पण राहतो.

म्हणून या वर्षावासात प्रत्येक विहाराने, प्रत्येक महिला मंडळाने एवढे करावे, अशी माझी विनंती आहे.

वस्तीत ज्याला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरते आहे, रात्री घाम सुटतो किंवा थुंकीतून रक्त पडते, त्याला आशाताईंकडून डबी आणून द्या. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून निघालेला बेडका त्या डबीत घ्यायचा. नुसती तोंडातली लाळ चालत नाही. हे उघड्यावर करायचे, बंद खोलीत नाही, आणि झाकण घट्ट लावायचे. रोग निघाला तर औषध बहुतेकांना सहा महिने. पहिल्या दोन महिन्यांत बरे वाटते आणि माणूस गोळ्या सोडतो, तिथेच घात होतो. अर्धवट सोडलेला टी.बी. पुढे साध्या औषधांना दाद देत नाही. घरातल्या बाकीच्यांचीही, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घ्या. रोग नसला तरी तो होऊ नये म्हणून त्यांनाही औषध मिळते.

आणखी एक हक्काची गोष्ट. उपचार चालू असेपर्यंत रोग्याला पौष्टिक आहारासाठी निक्षय पोषण योजनेत पैसे मिळतात. एप्रिल २०१८ मध्ये महिना ५०० रुपयांनी ही योजना सुरू झाली, नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम महिना १००० रुपये झाली. ती थेट बँकेच्या खात्यात येते. खात्याचा नंबर बरोबर लिहिला आहे ना, नाव आधारप्रमाणे आहे ना, हे बघून घ्या. तुमच्या ओळखीत एखादा आमच्यासारखा कारकून असेल तर त्याला हे काम सांगा. फॉर्म भरण्यापलीकडे आम्हाला फार काही येत नाही, पण तेवढे नीट येते.

हा मजकूर लिहून होत आला असताना परवा त्या कॉलेजच्या मुलाचा फोन आला. म्हणाला, “काका, त्या आजी आहेत ना, त्या काल आशाताईंकडं गेल्या होत्या. डबी मागायला.”

मी विचारले, “कुणासाठी?”

“त्यांच्या सुनेला महिनाभर खोकला आहे. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आजी म्हणाल्या, उंदराला कळतं आन् मला कळू नये व्हय?”

नमुना तालुक्याला गेला आहे. रिपोर्ट अजून यायचा आहे. येत्या रविवारी मी त्या वस्तीवर पुन्हा जाणार आहे. चहा त्यांच्याच घरी घ्यायचा, सुनेबरोबर, सगळ्यांचे पेले एकसारखे बघून, असे ठरवले आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!